कयाधूकाठची नर्सी : संत नामदेवांच्या मूळ गावाची ओळख

हिंगोली शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर, कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव वसले आहे. सरकारी दफ्तरात, इतकेच नव्हे तर पोलीस ठाण्याच्या नावातही ते ‘नर्सी नामदेव’ असेच लिहिले जाते. गावाच्या नावाला संताचे नाव जोडले जाणे महाराष्ट्रात नवे नाही. मात्र येथे त्याचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात आणखी एक नर्सी आहे. ती हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर असल्याने नुसते ‘नर्सी’ म्हणणारा नवखा प्रवासी भलत्याच गावी उतरण्याची शक्यता अधिक.

या गावाचे वैशिष्ट्य काहीसे विलक्षण आहे. ज्या पुरुषामुळे ते ओळखले जाते, त्याचे आयुष्य येथे गेले नाही. नामदेवांची कर्मभूमी पंढरपूर. त्यांच्या भ्रमंतीचा दीर्घ काळ पंजाबात गेला. देह ठेवल्याचे स्थान म्हणून वारकरी संप्रदाय पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीकडे बोट दाखवतो. नर्सीच्या वाट्याला आले ते केवळ मूळ. परंतु संतपरंपरेत मुळाचेही मोल असते, आणि नर्सीने ते आजवर आपल्या परीने जपले आहे.

नदी आणि नाव

कयाधू ही काही मोठी नदी नव्हे. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात ती उगम पावते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहते आणि पुढे नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. पैनगंगेमार्फत वर्धेला आणि अखेर गोदावरीला जाणारे हे पाणी. पावसाळ्यात तिला पूर येतात, काठची शेती खरवडून निघते. हिवाळा सरता सरता धार बारीक होते आणि उन्हाळ्यात बहुतेक पात्र कोरडे पडते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि अलीकडच्या काळात या जिल्ह्याला बाजारपेठेत नाव मिळवून देणारी हळद.

नदीच्या नावाकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे. पुराणात कयाधू हे हिरण्यकशिपूच्या पत्नीचे, म्हणजेच भक्त प्रल्हादाच्या आईचे नाव आहे. ‘नर्सी’ हे ग्रामनाम नरसिंह या शब्दाशी जोडले, तर नदी प्रल्हादाच्या आईची आणि गाव प्रल्हादाच्या देवाचे, अशी जोडी तयार होते. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरेल, हा भाग वेगळा. परंतु वारकरी परंपरा नामदेवांना प्रल्हादाचा अवतार मानते. तो समज आणि ही दोन नावे एकत्र ठेवून पाहिली, की या काठाने आपली कथा किती विचारपूर्वक विणली आहे, याची कल्पना येते.

यादवकाळाचा अखेरचा अंक

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा. वडिलांचे नाव दामाशेटी, आईचे गोणाई, आडनाव रेळेकर आणि व्यवसाय शिंप्याचा. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर यादव राजा महादेव होता. पुढच्याच वर्षी रामचंद्रदेवाची कारकीर्द सुरू झाली. हा काळ मराठी मुलखाच्या सुबत्तेचा, घडीव दगडांच्या मंदिरांचा आणि मराठीला ग्रंथभाषा म्हणून मान मिळण्याचा. महानुभावांचे गद्य आणि ज्ञानेश्वरी याच अर्धशतकातली.

नामदेवांना दीर्घायुष्य लाभले, आणि त्यामुळे त्यांना या वैभवाचा शेवटही पाहावा लागला. १२९६ हे वर्ष त्या दृष्टीने मोठे चमत्कारिक आहे. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली आणि त्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. तेव्हा नामदेव २६ वर्षांचे होते. पुढे देवगिरीचे राज्य लयाला गेले, दिल्लीच्या सुलतानाने राजधानी दौलताबादला आणली आणि परत नेली, १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली. १३५० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी नामदेवांनी देह ठेवला. ज्ञानेश्वरांच्या पश्चात ५४ वर्षे, राजकीय आधार कोसळत असताना, कीर्तनाच्या बळावर हा पंथ ज्यांनी एकत्र ठेवला त्यांत नामदेवांचे स्थान पहिले आहे. ज्ञानेश्वरांचे चरित्रही आपल्याला मुख्यत्वे त्यांच्याच ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधि’ या प्रकरणांतून ठाऊक आहे.

नर्सीचा परिसर त्यानंतर बहमनी, मोगल आणि निजाम अशा राजवटींतून गेला. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या साऱ्या घडामोडींत नर्सी कधी राजधानी नव्हती, ठाणे नव्हते, पेठही नव्हती. तिचा इतिहास राजवटींच्या यादीत सापडणार नाही.

जन्मस्थानाचा वाद

नामदेवांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. जुन्या चरित्रांत ‘नरसी बामणी’ असा उल्लेख येतो. शेजारच्या गावाचे नाव जोडून गाव ओळखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. प्रश्न असा, की ही नरसी बामणी कोठली? एका मताप्रमाणे ती सातारा भागात, कऱ्हाडजवळ कृष्णेच्या परिसरात. शीख धर्माचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या मॅक्स आर्थर मॅकॉलिफने १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हेच स्थान दिले आणि त्यामुळे ते दूरवर पोहोचले. दुसरे मत हिंगोलीच्या नर्सीचे. तिसऱ्या मतानुसार नामदेवांचा जन्म प्रत्यक्ष पंढरपुरातच झाला. नरसी बामणी हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव, जेथून हे कुटुंब विठ्ठलाच्या ओढीने पंढरीस येऊन राहिले.

एवढ्यावर हा गुंता संपत नाही. रा. गो. भांडारकरांना नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरांच्या मानाने बरीच अर्वाचीन वाटली आणि त्यांनी नामदेवांचा काळच सुमारे शतकभर अलीकडे ओढला. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना नामदेवांच्या नावावर मिसळल्या गेल्याने गाथेचे पाठही संशयास्पद झाले. सप्तजन्मशताब्दीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये नामदेवगाथा प्रसिद्ध केली. तरीही कोणता अभंग कोणत्या नामदेवांचा, ही चर्चा अभ्यासकांत अद्याप थांबलेली नाही. शतकानुशतके कीर्तनातून, तोंडातोंडी फिरलेल्या वाङ्मयाची ही नियतीच असते.

हिंगोलीच्या नर्सीच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा कागदाचा नव्हे, भूगोलाचा आहे. नामदेवांना गुरू भेटले ते औंढा नागनाथला, आणि औंढा याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या घरी वाढलेली जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडची, म्हणजे परभणी जिल्ह्यातली. नामदेवांच्या चरित्रातील पंढरपूर वगळता उरलेली महाराष्ट्रातील महत्त्वाची स्थळे बहुतांशी मराठवाड्यातली आहेत. शिवाय, जन्म पंढरपूरचा मानला तरी मूळ गावाचा मान शिल्लक राहतोच. वारकऱ्यांनी तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. त्यांच्या लेखी नर्सी हेच जन्मस्थान, आणि राज्य शासनानेही नर्सीला तीर्थक्षेत्राचा दर्जा देताना तीच श्रद्धा ग्राह्य धरली आहे.

औंढ्याची पायवाट

नर्सी समजून घ्यायची तर औंढ्याला जाऊन आले पाहिजे. हिंगोलीपासून औंढा नागनाथ सुमारे २५ किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांतील नागेश हे आपल्याकडचेच, असा मराठवाड्याचा दावा आहे. गुजरातेतील द्वारका आणि उत्तराखंडातील जागेश्वर येथूनही तोच दावा केला जातो. मंदिराचा खालचा, शिल्पांनी भरलेला भाग यादवकालीन शैलीचा, तर शिखराकडील बांधणीचे श्रेय अहिल्यादेवी होळकरांना दिले जाते. गाभारा तळघरासारखा खाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, वाकून आत जावे लागते.

नामदेवांच्या चरित्रातील दोन सर्वपरिचित कथा या मंदिराशी निगडित आहेत. पहिली गुरुप्राप्तीची. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहायला सांगितले. गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव मात्र संतापले. सबब मडके कच्चे ठरले. देवाशी रोज बोलणाऱ्या भक्ताला हा निवाडा जिव्हारी लागला. तो विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेला, तर विठ्ठलानेही तोच कौल दिला आणि विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. नामदेव औंढ्याला पोहोचले, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. ‘पाय काढा’ म्हणताच विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे तूच ते उचलून ठेव. नामदेव जेथे पाय ठेवायला गेले तेथे पिंडी उभी राहू लागली.

ही कथा लहानपणापासून ऐकल्याने तिचा धारदारपणा आपल्या लक्षात येत नाही. देव एका मूर्तीत, एका राउळात आहे असे मानणाऱ्या सगुणभक्ताला तो सर्वत्र आहे हे शिकवले गेले, आणि तेही शिवाच्या देवळात, पंढरीच्या वैष्णवाला. पुढे पंजाबात जाऊन निर्गुणाचा उपदेश करणाऱ्या नामदेवांची बीजे येथे आहेत. एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही : ज्ञानाच्या शोधात पंढरपूर सोडून निघालेला हा साधक पोहोचला तो आपल्याच पूर्वजांच्या मुलुखात.

दुसरी कथा मंदिर फिरल्याची. नागनाथासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना जातीवरून हटकले गेले आणि मागच्या बाजूस घालवले गेले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले. औंढ्यात नंदी देवासमोर नाही, मागील बाजूस आहे, तो त्यामुळेच, असे सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी अपमानाचा भाग उरतो, आणि तो केवळ दंतकथेतला नाही. देवळातून उठवून लावल्याची आणि देऊळ फिरल्याची हकिकत सांगणारे नामदेवांचे पद गुरुग्रंथसाहेबात आहे.

पंजाबचा धागा

गुरुग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथाचे संकलन पूर्ण केले, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षे लोटली होती. इतक्या काळानंतर, इतक्या दूरच्या प्रांतात एका मराठी शिंप्याची पदे लोकांच्या ओठी शिल्लक होती, ही सामान्य गोष्ट नव्हे. या पदांची भाषा जुनी हिंदी असली तरी मधूनच मराठी वळणे डोकावतात, आणि कापणे-शिवणे या घरच्या धंद्यातील रूपकेही येतात.

पंजाबातील नामदेवांचे स्थान म्हणजे गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान. परंपरेनुसार त्यांनी तेथे सुमारे दोन दशके वास्तव्य केले. तेथील गुरुद्वाराशी त्यांचे नाव जोडलेले असून माघ महिन्यात मोठा मेळा भरतो. नामदेवांनी देह घुमानलाच ठेवला, अशी तिकडची श्रद्धा आहे. म्हणजे अखेरच्या स्थानाबद्दलही दोन प्रांतांचे दोन दावे! एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. महाराष्ट्रातून विशेष रेल्वेगाड्या सुटल्या आणि अनेक मराठी वाचकांनी घुमानचे नाव प्रथमच ऐकले.

मात्र पंजाबचा हा धागा नर्सीपर्यंत येतो तो घुमानपेक्षा नांदेडच्या वाटेने. १७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी गोदावरीच्या काठी नांदेडला देह ठेवण्यापूर्वी गुरुगादी ग्रंथाला दिली. ज्या ग्रंथाला त्या दिवशी गुरुपद मिळाले, त्यात नामदेवांची वाणी होती. नर्सीहून निघालेले शब्द पंढरपूर आणि पंजाब असा वळसा घालून, साडेतीनशेहून अधिक वर्षांनी नर्सीपासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर गुरुस्वरूपात प्रतिष्ठित झाले. इतिहासात असे योगायोग क्वचितच घडतात आणि नर्सीच्या बाबतीत तो फारसा सांगितलाही जात नाही. नांदेडच्या हुजूर साहेबाच्या दर्शनास येणारे शीख भाविक नर्सीलाही येतात. येथे गुरुद्वारा उभारण्याच्या कामात शीख समाजाने पुढाकार घेतला, तो या नात्यानेच.

वस्त्रसमाधी आणि परतवारी

नर्सीत दर्शनाची ठिकाणे मुख्यत्वे दोन : गावातील जन्मस्थान आणि कयाधूकाठचे समाधिमंदिर. पंढरपूरची पायरी ही देहाची समाधी, तर येथील ही वस्त्रसमाधी म्हणून ओळखली जाते. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या संताच्या मूळ गावी पूजा व्हावी ती वस्त्राच्या समाधीची, हे औचित्य कोणाला सुचले असेल कोण जाणे! नामदेव शिंपी समाजाची वस्ती महाराष्ट्राबाहेरही पसरलेली आहे आणि त्या समाजाच्या दृष्टीने नर्सी हे आद्यपीठच होय.

नर्सीचे पंचांग इतर क्षेत्रांहून निराळे आहे. नामदेवांची जन्मतिथी कार्तिक शुद्ध एकादशी. पण त्या दिवशी कार्तिकी वारीसाठी वारकरी पंढरपुरात असतात. त्यामुळे ज्याचा उत्सव, त्याच्या गावी सर्वांत मोठी गर्दी जन्मदिवशी होत नाही. ती होते आषाढ वद्य एकादशीला. आषाढीला पंढरपूरची वारी करून परतलेले वारकरी त्यानंतरच्या पंधरवड्याने येणाऱ्या एकादशीला नर्सीस येतात आणि मगच आपली वारी पुरी झाली असे मानतात. या यात्रेला ‘परतवारी’ असे नाव आहे. हिंगोलीसह शेजारच्या जिल्ह्यांतून, अनेकदा पायी, दिंड्या येतात. या एकादशीनंतर दोनच दिवसांनी, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांची पुण्यतिथी असते. देवाचे दर्शन घेऊन भक्ताकडे येण्याची ही रीत अन्यत्र फारशी आढळत नाही. एरवीही दर एकादशीला येथे भाविकांची वर्दळ असते.

आषाढीपूर्वी नर्सीहून नामदेवांची पालखी पंढरपूरला निघते. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर या पालखीचे रिंगण होते. आळंदी-देहूच्या पालख्यांच्या रिंगणांची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांत झळकतात. त्या मानाने हे रिंगण पुण्या-मुंबईच्या वाचकाला अपरिचित आहे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र पेरणीच्या धांदलीतही ते चुकवावेसे वाटत नाही.

क्षेत्राचा विकास, नदीचे काय?

तीर्थक्षेत्र म्हणून मान्यता मिळाल्यापासून नर्सीत भव्य मंदिर, सभामंडप, भक्तनिवास, रस्ते अशी कामे होत आली आहेत. २०२० हे नामदेवांच्या जन्माचे ७५० वे वर्ष. त्या निमित्ताने गावाच्या विकासाच्या मागणीला नव्याने जोर आला. यात्रेच्या दिवशी लहानशा गावावर पडणारा भार पाहता पाणी, स्वच्छतागृहे आणि वाहनतळ यांची निकड खरीच आहे.

परंतु कयाधूचा विचार या आराखड्यांत बहुधा घाटापुरताच होतो. पात्रात पाणी नसेल तर घाट कशासाठी? वाळूचा उपसा, काठावरची झाडे तुटणे आणि उगमाकडच्या ओढ्यांतून वाहून येणारा गाळ, या कारणांनी मराठवाड्यातील बहुतेक लहान नद्यांची जी अवस्था झाली आहे, तिला कयाधू अपवाद नाही. दुसरीकडे तिच्या पाण्यावरून वादही कमी नाहीत. कळमनुरी तालुक्यातील सापळी येथील नियोजित धरण वर्षानुवर्षे विरोधामुळे गाजत राहिले; खरबी येथून कयाधूचे पाणी इसापूर जलाशयाकडे वळवण्याच्या योजनेलाही हिंगोलीच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. जिल्ह्यातील स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी उगमापासून लोकसहभागाने नदी पुनरुज्जीवित करण्याचे काम हाती घेतले आहे. ते काम दिसायला लहान, परंतु नर्सीच्या दृष्टीने सिमेंटच्या कमानीपेक्षा मोलाचे आहे. परतवारीला आलेला वारकरी आधी नदीवर जातो, मग देवळात. हा क्रम टिकायचा तर पाणी उगमापासूनच राखावे लागेल.

कसे जाल?

पूर्णा-अकोला लोहमार्गावरील ‘हिंगोली डेक्कन’ हे जवळचे रेल्वे स्थानक. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ मध्ये त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर पूर्ण झाल्यापासून प्रवास सोयीचा झाला आहे. नांदेड, परभणी, वाशीम आणि अकोला येथून हिंगोलीला एसटी बस मिळतात, तर हिंगोलीहून नर्सीला रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. औंढा नागनाथ आणि नर्सी ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. आधी औंढा आणि मग नर्सी असा क्रम ठेवावा. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपद-आश्विनात गेल्यास कयाधूला पाणी असते आणि काठची हळदीची शेते हिरवीगार असतात. उन्हाळ्यात ऊन कडक, शिवाय नदीही कोरडी. शांतपणे दर्शन घ्यायचे असेल त्यांनी एकादशी टाळावी; ज्यांना नर्सी खऱ्या अर्थाने पाहायची आहे, त्यांनी मात्र परतवारीलाच जावे आणि वाहन गावाबाहेर ठेवून दिंडीमागून चालत आत शिरावे.